घटक ४ : प्रल्हाद केशव अत्रे – उपहासाची धार, श्रद्धेची मूठ

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला
• आचार्य अत्रे यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• विडंबन, उपहास आणि उपरोध यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल;
• आधुनिक जीवन आणि राजकारण यांना सामोरे जाताना अत्रे यांनी विनोदाचा उपयोग कसा केला, याचे विवेचन करता येईल;
• या विनोदाच्या सामर्थ्याचे आणि मर्यादांचे मूल्यमापन करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो,

‘आजीचे घड्याळ’ ही कविता तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. घरातील कोणालाही न दिसणारे एक घड्याळ आजीजवळ आहे आणि त्यावर ती अचूक वेळ सांगते, अशी त्या कवितेची गंमत आहे. कवितेखाली कवीचे नाव असे : केशवकुमार. त्या वयात आपण ते नाव परीक्षेपुरते लक्षात ठेवले. पुढे केव्हातरी आपल्याला कळले, की आजीविषयी इतक्या मायेने लिहिणारा हा कवी म्हणजेच प्रल्हाद केशव अत्रे. विरोधकांना वृत्तपत्रातून सळो की पळो करून सोडणारे आणि शिवाजी पार्कच्या सभेत लाखोंना हसवणारे अत्रे ते हेच.

या दोन प्रतिमा एकाच माणसात कशा नांदल्या, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे. अत्रे यांच्या चरित्राची हकिगत पाहताना आपण तो प्रश्न सतत जवळ ठेवणार आहोत. संपर्क सत्रांत प्रौढ विद्यार्थी एक शंका हमखास विचारतात : थट्टा करून राजकारण बदलते काय? महागाई, नोकरीतील अपमान, पुढाऱ्यांची कोलांटउडी यांवर हसून शेवटी हाती काय लागते? ही शंका योग्य आहे. दिवसभराचे काम आटोपून रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाला ती विचारण्याचा विशेष अधिकार आहे. अत्रे यांचे आयुष्य या शंकेचे एक प्रदीर्घ उत्तर आहे. ते संपूर्णपणे समाधानकारक आहे असे नाही, परंतु प्रामाणिक आहे.

४.३ कऱ्हाकाठ ते पुणे : जडणघडण

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यातील सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. सासवड हे कऱ्हा नदीच्या काठचे गाव. येथे सोपानदेवांची समाधी आहे आणि जवळच पुरंदरचा किल्ला. वारकरी परंपरेची भाषा, कीर्तनकारांची निरूपणे, बाजाराच्या दिवशी कानावर पडणारी रांगडी बोली हे सारे त्यांच्या वाट्याला बालपणातच आले. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात आत्मचरित्र लिहिताना त्यांनी त्याला ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले, यावरून या भूमीशी असलेले त्यांचे नाते तुमच्या लक्षात येईल.

उच्च शिक्षणासाठी ते पुण्यास आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. याच काळात त्यांना राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. गडकरी ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन करीत, तर ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता लिहीत. एकच लेखणी एका नावाने हसवते आणि दुसऱ्या नावाने रडवते, हे तरुण अत्रे यांनी जवळून पाहिले. १९१९ च्या जानेवारीत गडकरी यांचे निधन झाले. अत्रे त्यांना आयुष्यभर गुरुस्थानी मानत राहिले.

शिक्षण आटोपल्यावर अत्रे शिक्षक झाले. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. ही शाळा शहराच्या प्रतिष्ठित पेठांतील नव्हती. तेथे येणारी मुले विविध जातिधर्मांची आणि बहुधा सामान्य परिस्थितीतील होती. त्यांना शिकवताना क्रमिक पुस्तकांतील रूक्ष आणि बोजड मराठी त्यांना खटकू लागली. १९२७-२८ मध्ये लंडन विद्यापीठात शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन ते परतले. पुढे ‘नवयुग वाचनमाले’ची पुस्तके त्यांनी सिद्ध केली. मुलांना कळणारी, कानाला गोड लागणारी आणि तरीही साहित्याचा कस असलेली मराठी असावी, हा त्या वाचनमालेमागील आग्रह होता.

त्यांच्या विनोदाचे मूळ समजून घेण्यासाठी हा तपशील महत्त्वाचा आहे. समोरच्याला कळत नसेल तर ते बोलणे व्यर्थ, ही शिक्षकाची जाणीव त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत टिकली. न कळणारे पण भारदस्त वाटणारे बोलणे त्यांना सर्वांत आधी हास्यास्पद वाटले.

४.४ ‘झेंडूची फुले’ : कवितेतील ढोंगाचे विडंबन

१९२३ च्या सुमारास पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी त्यात होते. कविता चहाच्या टेबलावर वाचावी, तिच्यावर चर्चा करावी, प्रेमभावना मोकळेपणाने मांडावी असे नवे वातावरण या कवींनी निर्माण केले. सुनीत, गझल यांसारखे रचनाप्रकार त्यांनी मराठीत रुजवले. त्यांचे कार्य मोलाचे आहे, हे तुम्ही काव्याच्या अभ्यासक्रमात पाहिलेच आहे. परंतु प्रत्येक नव्या वळणाबरोबर त्याचे अनुकरणही येते. जो तो विरहाने झुरू लागला. शब्दकोशात पाहावे लागणारे फारसी शब्द जागोजागी दिसू लागले. अनुभव उसना आणि उसासे मात्र लांब, अशी कविता मासिकांतून वाढू लागली.

१९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ हा केशवकुमारांचा विडंबन-कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. नावापासूनच विनोदाला सुरुवात होते. झेंडू हे परसदारी उगवणारे, दसऱ्याला दारावर चढणारे फूल. त्या काळच्या नाजूक प्रेमकवितेत त्याला प्रवेश नव्हता. ते नाव पुस्तकाला देऊन अत्रे यांनी आपण कोणत्या अंगणातून बोलत आहोत हे सूचित केले.

या संग्रहातील ‘प्रेमाचा गुलकंद’ ही कविता पाहा. एक प्रियकर आपल्या प्रेयसीला दररोज गुलाबाचे फूल देतो. ती काही बोलत नाही. फूल मात्र घेते. बरेच दिवस लोटल्यावर तो धीर करून तिच्या मनाचा ठाव घेऊ पाहतो. तेव्हा ती आत जाते आणि गुलकंदाने भरलेली बरणी घेऊन येते. साऱ्या फुलांचे तिने हे केलेले असते.

येथे कोणावर हसू येते, याचा विचार करा. वरवर पाहता प्रियकर फजीत होतो. थोडे खोल पाहिले तर गुलाब म्हणजे प्रेम हा ठरीव संकेतच फजीत झालेला दिसतो. कवीने ज्या वस्तूला प्रतीक मानले, तिला प्रेयसीने वस्तूच मानले. आपल्या स्वयंपाकघरांत हे व्यवहारज्ञान पिढ्यान्पिढ्या नांदत आले आहे. प्रतीकांच्या जगात रमलेल्या कवीला त्याचा विसर पडला होता.

विडंबनाची एक अट मात्र तुम्ही ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या शैलीची थट्टा करावयाची, ती शैली स्वतःला उत्तम साधलेली असावी लागते. वृत्तात एक मात्रा चुकली तर हसे विडंबनकाराचे होते. अत्रे यांनी मूळ कवितेचे वृत्त, पदरचना, शब्दांची ठेवण अचूक उचलली आणि त्यात भलताच आशय भरला. असे करण्यासाठी मूळ कविता पुन्हा पुन्हा वाचावी लागते, तिच्यावर काहीसे प्रेमही करावे लागते. ‘आजीचे घड्याळ’ लिहिणारा कवीच ‘झेंडूची फुले’ लिहू शकला, याचे कारण हे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) अत्रे यांनी कोणत्या टोपणनावाने कविता लिहिल्या?
(आ) ‘झेंडूची फुले’ हे शीर्षक विनोदी का ठरते, ते तीन-चार वाक्यांत लिहा.

४.५ रंगभूमी आणि चित्रपट : नव्या जीवनाची थट्टा

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाचे जीवन झपाट्याने बदलत होते. मुली महाविद्यालयात जाऊ लागल्या होत्या. बोलपट आले होते. विवाह, आरोग्य, राष्ट्रसेवा अशा प्रत्येक विषयावर नवी मते मांडली जात होती आणि प्रत्येक मताचा कोणीतरी कट्टर भक्त होता. बदलाने गोंधळलेला माणूस बहुधा एखाद्या खुळाचा आधार घेतो, हे अत्रे यांनी हेरले.

‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकात असे एक घरच त्यांनी रंगमंचावर आणले. घरच्या रावबहादुरांना सूर्यनमस्कारांचे वेड आहे. सर्व रोगांवर आणि सर्व प्रश्नांवर त्यांच्याकडे तो एकच उपाय. कोणाला ज्योतिषाने झपाटले आहे, तर कोणाला कवितेने. व्यायाम वाईट असे नाटककाराचे म्हणणे नाही. एखादी चांगली गोष्ट माणसाच्या विवेकाची जागा घेऊ लागली, की ती कशी विपरीत होते, हे त्याला दाखवायचे आहे. बालमोहन या नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बोलपटांमुळे नाटकांचा प्रेक्षक ओसरत असताना या नाटकाने त्याला पुन्हा नाट्यगृहाकडे वळवले.

१९३६ हे वर्ष या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगे आहे. त्या वर्षी अत्रे यांची ‘उद्याचा संसार’ आणि ‘लग्नाची बेडी’ ही दोन नाटके आली. दोन्हींचा विषय विवाहसंस्था. पहिले गंभीर आहे आणि त्यात स्त्रीच्या कुचंबणेची व्यथा आहे. दुसरे खळाळत्या विनोदाचे आहे आणि त्यात विवाहित पुरुषांच्या चंचलपणाची फटफजिती आहे. त्याआधीच्या ‘घराबाहेर’ (१९३४) मध्येही घरातील ढोंगाला कंटाळून उंबरा ओलांडणारी सून त्यांनी उभी केली होती. म्हणजे एकाच प्रश्नाकडे ते दोन डोळ्यांनी पाहत होते. जेथे दुःख असह्य होते तेथे ते गंभीर झाले. जेथे माणसे स्वतःच्या अडचणीला स्वतःच कारण होती, तेथे त्यांनी हशा पिकवला. विनोदी लेखकाने केव्हा हसू नये, हे कळणे त्याच्या कलेचाच भाग आहे.

चित्रपटातही त्यांनी हीच दृष्टी ठेवली. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) ची कथा अत्रे यांची. एक तरुण आवेशपूर्ण व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो आणि पुढे प्रेमात पडून गोत्यात येतो. ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) मध्ये दारूबंदीच्या वातावरणात एक भोळा कारकून ब्रँडीच्या शोधात वणवण फिरतो. ब्रँडी हा काय पदार्थ आहे, हेही त्या बिचाऱ्याला नीट ठाऊक नसते. पहिल्या चित्रपटात प्रतिज्ञेची आणि दुसऱ्यात धोरणाची चेष्टा आहे. दोन्हींत प्रेक्षकाची सहानुभूती मात्र गोंधळलेल्या सामान्य माणसाला मिळते. दामुअण्णा मालवणकर यांनी रंगवलेला तो कारकून पाहताना प्रेक्षक हसतात, पण त्याला हिणवत नाहीत.

४.६ ‘मराठा’ : राजकारणाशी सामना

१९४० मध्ये अत्रे यांनी ‘नवयुग’ हे साप्ताहिक सुरू केले. १९४२ मध्ये नाशिक येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. लेखक, नाटककार, चित्रपटकार, वक्ता अशी कीर्ती त्यांना मिळाली होती. तरीही त्यांच्या उपहासाची खरी कसोटी यायची होती. ती संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आली.

या आंदोलनाची पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात घ्या. भाषावार प्रांतरचनेत मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे, ही मागणी होती. मुंबई महाराष्ट्राला देण्यास केंद्र सरकार राजी नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ आंदोलकांवर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यानंतर पुन्हा गोळीबार झाले. या लढ्यात शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य सामान्य, कष्टकरी कुटुंबांतील होती. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट अशी भिन्न विचारांची माणसे तिच्यात एकत्र आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी महाराष्ट्र व गुजरात यांचे द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, अत्रे यांचे ‘मराठा’ हे दैनिक सुरू झाले.

आता प्रस्तावनेतील शंकेकडे वळू या. रस्त्यावर रक्त सांडलेले असताना विनोदाला जागा कोठे असते? अत्रे यांनी याचे उत्तर तात्त्विक लेख लिहून दिले नाही. ते कृतीतून दिले. हुतात्म्यांविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीत विनोदाचा लवलेश नसे. तेथे शोक आणि संताप होता. विनोद त्यांनी राखून ठेवला होता तो सत्तेसाठी. तिचा दर्प, तिची सारवासारव, आज एक आणि उद्या दुसरे बोलण्याची तिची रीत यांवर तो तुटून पडे. दुःख एका बाजूला आणि हास्य दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी होती.

या वाटणीचा परिणाम काय झाला? गोळीबारामुळे लोकांच्या मनात भीती निर्माण होते. भ्यालेला माणूस घरात बसतो. ज्या सत्तेची भीती वाटते, तिच्यावर हजारो माणसे एकत्र बसून हसली, की प्रत्येकाला आपण एकटे नाही याची खात्री पटते. अत्रे यांच्या सभा हेच करीत असत. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या गाण्यांनी लोकांच्या छातीत बळ भरले, तर अत्रे यांच्या भाषणांनी त्यांच्या मनावरचे दडपण उतरवले. हसण्याने अन्याय दूर होत नाही. परंतु अन्यायाशी झगडणारी माणसे हसण्यामुळे खचत नाहीत, एवढे या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.

१९५७ च्या निवडणुकीत समितीला मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळाले. अत्रे दादरमधून विधानसभेवर निवडून आले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा समितीने मोठी निदर्शने केली. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. हे यश कोणा एकाचे नाही. मात्र त्या लढ्याची बोलीभाषा घडवण्यात अत्रे यांचा वाटा फार मोठा होता.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) ‘मराठा’ हे दैनिक केव्हा सुरू झाले?
(आ) आंदोलनात विनोदाचा उपयोग कशासाठी झाला आणि कशासाठी झाला नाही, ते स्पष्ट करा.

४.७ उपहासाची भाषा

अत्रे यांचे वाक्य वाचताच हसू का येते, याचा भाषिक अंगाने विचार करू या. येथे चार विशेष नोंदवता येतील.

पहिला विशेष भाषास्तरांच्या अदलाबदलीचा. भारदस्त संस्कृतप्रचुर शब्दयोजना करीत वाक्य वर चढत जाते आणि अगदी शिखरावर असताना एखादा बाजारातला किंवा चुलीजवळचा शब्द त्याला खाली आणतो. समजा, गावातील नळाच्या उद्घाटनाचे वर्णन भगीरथाने गंगा आणल्याच्या थाटात केले आणि तोटी फिरवल्यावर आतून नुसता वारा आला, असा शेवट केला, तर जो परिणाम होईल तो या जातीचा. हे उदाहरण अत्रे यांचे नाही; युक्ती समजावी म्हणून येथे दिले आहे.

दुसरा विशेष अतिशयोक्तीचा. एखादी घटना हजारो वर्षांत घडली नव्हती, असे सांगण्याची त्यांची सवय इतकी प्रसिद्ध झाली, की लोक त्यांचीच त्यावरून थट्टा करू लागले. अतिशयोक्ती ही खोटेपणाहून निराळी असते. खोटे बोलणाऱ्याला आपले बोलणे खरे वाटावे असे वाटते. अतिशयोक्ती करणारा आणि ऐकणारा या दोघांनाही ती मोजपट्टी खरी नाही हे ठाऊक असते. भावनेची तीव्रता मोजण्यासाठी त्यांनी ती संगनमताने स्वीकारलेली असते.

तिसरा विशेष कोटीचा. नावांवर, आडनावांवर, शब्दांच्या दोन अर्थांवर त्यांची लेखणी सहज खेळत असे.

चौथा विशेष मौखिकतेचा. त्यांचे लेख मोठ्याने वाचून पाहा. एका अर्थाच्या विशेषणांची रांग, एकाच क्रियापदाची पुनरावृत्ती, मध्येच उभा केलेला प्रश्न या गोष्टी कानासाठी आहेत. त्यांत कीर्तनाची आणि सभेची लय आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही दुसऱ्याने वाचून दाखवलेला अग्रलेख कळावा, अशी ती रचना आहे. शाळेतील मुलांसाठी सोपी मराठी शोधणारा शिक्षक येथे आपल्याला पुन्हा भेटतो.

४.८ मर्यादा आणि श्रद्धा

थोर व्यक्तीच्या चरित्राचा अभ्यास म्हणजे तिची आरती नव्हे. अत्रे यांच्या उपहासाला मर्यादा होत्या आणि त्या गंभीर होत्या. पुष्कळदा मताची थट्टा करता करता ते माणसाच्या व्यंगावर किंवा खाजगी आयुष्यावर घसरत. ना. सी. फडके यांच्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. त्यातील साहित्यविषयक मुद्दे आज थोड्यांना आठवतात. वाग्बाण मात्र अनेकांना आठवतात. उपहास आणि निंदा यांमधील रेषा त्यांनी अनेकदा ओलांडली, हे मान्य केले पाहिजे. राजकीय आणि वाङ्मयीन वादांत वैयक्तिक शेरेबाजीला जी प्रतिष्ठा पुढे मिळाली, तिच्या जबाबदारीतून त्यांना पूर्णतः मोकळे करता येणार नाही.

तरीही त्यांचा वारसा केवळ निंदेचा नाही. याचे कारण त्यांच्या आयुष्याच्या दुसऱ्या बाजूत आहे. ज्या काळात ते सत्ताधाऱ्यांवर शब्दांचे आसूड ओढत होते, त्याच दशकात त्यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ वर चित्रपट काढला. १९५३ च्या या चित्रपटाला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्या चित्रपटात कोकणातील एका गरीब आईच्या संस्कारांची कहाणी आहे आणि ती पाहताना महाराष्ट्र रडला. त्यानंतर त्यांनी महात्मा फुले यांच्या जीवनावर चित्रपट काढला. साने गुरुजी, फुले, गडकरी ही त्यांची श्रद्धास्थाने होती. त्यांच्यासमोर हा दांडगा माणूस विद्यार्थ्यासारखा नम्र होत असे.

सर्वांत बोलके उदाहरण नेहरूंचे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात अत्रे यांनी नेहरूंवर अत्यंत कठोर टीका केली होती. २७ मे १९६४ रोजी नेहरूंचे निधन झाले. त्यानंतर अत्रे यांनी त्यांच्याविषयी जे शोकलेख लिहिले, ते ‘सूर्यास्त’ या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाले. ग्रंथाच्या नावातच लेखकाची भावना आहे. काही वाचकांना यात विसंगती वाटली असेल. तुम्ही मात्र थोडे थांबून विचार करा. नेहरूंकडून अत्रे यांची अपेक्षा मोठी होती, म्हणूनच मुंबईच्या प्रश्नावरील त्यांची भूमिका अत्रे यांना इतकी झोंबली. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नसते, त्याच्यावर माणूस इतके शब्द खर्च करीत नाही. टीकेच्या मुळाशी जो आदर होता, तो मृत्यूने उघड केला.

या घटकाच्या शीर्षकाचा अर्थ आता स्पष्ट होईल. शस्त्राला धार हवी, तशी मूठही हवी. मूठ नसलेले पाते चालवणाऱ्याचाच हात कापते. अत्रे यांच्या उपहासाची मूठ श्रद्धेची होती : मराठी भाषेवर, सामान्य माणसाच्या शहाणपणावर आणि काही थोर जीवनांवर. ज्या ज्या वेळी ती मूठ त्यांनी घट्ट धरली, त्या त्या वेळी त्यांचा विनोद लोकांच्या कामी आला. जेव्हा ती सैल झाली, तेव्हा तो निंदेत उतरला.

४.९ अखेरचा कालखंड आणि समारोप

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरही अत्रे यांची लेखणी थांबली नाही. ‘तो मी नव्हेच’ हे नाटक १९६२ मध्ये रंगभूमीवर आले. निरनिराळी नावे आणि वेष घेऊन लोकांना फसवणारा लखोबा लोखंडे न्यायालयात उभा राहून प्रत्येक आरोप शांतपणे नाकारतो. प्रभाकर पणशीकर यांनी ही भूमिका गाजवली. प्रेक्षक त्या लबाडाच्या चातुर्यावर हसतात आणि घरी जाताना अस्वस्थ होतात, कारण विश्वास ठेवणाऱ्या साध्या माणसांचे काय झाले हे त्यांना आठवत राहते. आपली जबाबदारी हसतमुखाने झटकणारा माणूस त्यानंतर आपल्याला सार्वजनिक जीवनात अनेकदा भेटला आहे. म्हणूनच त्या नाटकाचे शीर्षक मराठीत वाक्प्रचारासारखे रूढ झाले.

याच वर्षांत ‘कऱ्हेचे पाणी’ चे खंड प्रसिद्ध होत होते. १३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्रे यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७० वर्षांचे होते.

आता तुमच्या शंकेचे उत्तर तुम्हांलाच द्यायचे आहे. तुम्हीही रोज वर्तमानपत्र वाचता, कामाच्या ठिकाणी, गाडीत, चहाच्या टपरीवर राजकारणावर बोलता आणि हसता. ते हसणे आवश्यक आहे, कारण त्याखेरीज दिवस जड जातात. परंतु हसता हसता स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा. या हसण्यामागे मला काय जपायचे आहे? उत्तर सापडले, तर तुमचा उपहास निकोप आहे असे समजा. उत्तर सापडले नाही आणि सगळेच सारखे, कशाचाच काही उपयोग नाही एवढेच मनात उरले, तर ते हसणे थकव्याचे आहे. अत्रे अनेकदा चुकले, अनेकदा भडकले. पण कशाचाच काही उपयोग नाही, असे त्यांनी कधी मानले नाही. त्यांच्या विनोदाचा अभ्यास करताना ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी.

४.१० पारिभाषिक शब्द

विडंबन : एखाद्या साहित्यकृतीच्या अथवा शैलीच्या रूपाचे हुबेहूब अनुकरण करून त्यात विसंगत आशय भरणे व हास्य निर्माण करणे.
उपहास : व्यक्ती, वृत्ती किंवा संस्था यांतील दोष हास्यास्पद करून दाखवणे.
उपरोध : शब्दांचा वरवरचा अर्थ स्तुतीचा आणि अभिप्रेत अर्थ निंदेचा असणे.
कोटी : शब्दाच्या उच्चारसाम्यावर किंवा अनेकार्थतेवर आधारलेला विनोद.
भाषास्तर : प्रसंग, श्रोता आणि हेतू यांनुसार बदलणारे भाषेचे रूप.

४.११ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘विडंबनकाराला मूळ शैली साधलेली असावी लागते’ या विधानाची ‘झेंडूची फुले’ च्या आधारे चर्चा करा.
२. ‘उद्याचा संसार’ आणि ‘लग्नाची बेडी’ यांतील विषयाचे साम्य व दृष्टीचा भेद स्पष्ट करा.
३. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील अत्रे यांच्या विनोदाचे कार्य सविस्तर लिहा.
४. अत्रे यांच्या उपहासाच्या मर्यादा कोणत्या? तुमचे मत सकारण मांडा.
५. उपक्रम : आपल्या गावातील अथवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या विसंगतीवर दहा ओळींचा उपहासपर मजकूर लिहा. त्यात कोणाही व्यक्तीचे नाव, रूप किंवा खाजगी जीवन येऊ देऊ नका. लिहून झाल्यावर तो घरातील एखाद्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवा आणि हसू नेमक्या कोणत्या शब्दावर आले, त्याची नोंद करा.